रोमन नाण्याखाली 'कॉन्स्ट' लिहिलंय, पण टांकसाळ नक्की कुठली?

रानवारा
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे लक्झेंबर्गला असतो. त्रिअर इथून जवळच, त्यामुळे रोमन नाण्यांचा नाद लागायला वेळ लागला नाही. तिथल्या एका नाणेमेळाव्यात डब्यातून तांब्याची थोडी चिल्लर निवडून घेतली. बाकीची बहुतेक पार झिजलेली आहेत, पण एकावर बरंच वाचता येतंय, म्हणून हा धागा.

व्यास १७ मिमी, वजन २.३ ग्रॅम. छाप्याला पानांचा मुकुट घातलेला पोरसवदा चेहरा, उजवीकडे तोंड. भोवती 'कॉन्स्टँटिनस आययूएन नॉब सी'. काट्याला दोन शिपाई भाले रोवून समोरासमोर उभे, मधे दोन ध्वज आणि ध्वजांच्या मधल्या फटीत एक बारीक गोल कडं. भोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटस'. शिपायांच्या पायाखाली आडवी रेघ, रेघेखाली सी-ओ-एन-एस-टी. सीच्या डावीकडे आणखी एक अक्षर असावं, पण तिथं धातूच कमी पडलाय आणि अक्षराचा जेमतेम तुकडा उरलाय.

विकणाऱ्यानं पाकिटावर पेन्सिलीनं 'कॉन्स्टँटिनोपल' लिहून दिलंय. मला तो शेवटचा 'टी' खुपतोय. कॉन्स्टँटिनोपलची म्हणून जी नाणी बघतो त्यांच्यावर 'कॉन्स' आणि पुढे एखादं ग्रीक अक्षर असतं. जाणकारांनी सांगावं.

चिंचगुळ
मी पयला!
विषयातलं ओ की ठो कळत नाही, तरी विचारतो. आपल्या रुपयावर सालाखाली बारीक हिरा असला की मुंबईची टांकसाळ, चांदणी असली की हैदराबाद, ठिपका असला की नोएडा, काहीच नसलं की कोलकाता. हे तसंच ना? मग त्यात कोडं कसलं?

गद्धेगाळ
@चिंचगुळ, तसंच. फक्त चारऐवजी टांकसाळी पंधराच्या आसपास, त्या लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत पसरलेल्या, आणि प्रत्येकीची लिहायची तऱ्हा वेगळी. शिवाय गावांची नावं मधेच बदलायची. रानवारांचं कोडं नेमकं तिथलंच आहे.

@रानवारा, पाकीट बाजूला ठेवा. नाणं आर्लचं आहे, दक्षिण फ्रान्समधल्या. त्या गावाचं लॅटिन नाव आरेलाते, म्हणून सुरुवातीच्या नाण्यांवर ए-आर-एल यायचं. ही टांकसाळ तशी बाहेरून आलेली: रोमजवळच्या ऑस्तियाची टांकसाळ ३१३ मध्ये बंद केली आणि तिचा कारभार आर्लला हलवला. पुढे ३२८ च्या सुमारास गावाला 'कॉन्स्टँटिना' असं नाव मिळालं आणि खूण झाली 'कॉन्स्ट'. धाकटा कॉन्स्टँटिन, म्हणजे तुमच्या नाण्यावरचा पोरगा, ३४० मध्ये भावाशी लढताना मारला गेला, तेव्हा पुन्हा ए-आर-एल. ३५३ पासून परत 'कॉन'. एवढं सगळं पाव शतकात!

आता फरक कसा करायचा ते बघा. एका टांकसाळीत बरेच कारखाने असायचे. आर्लमध्ये कारखान्याचं अक्षर गावाच्या खुणेआधी लागतं आणि ते लॅटिन असतं: पी म्हणजे प्रीमा, पहिला कारखाना, एस म्हणजे सेकुंडा, दुसरा. म्हणून 'पी-कॉन्स्ट', 'एस-कॉन्स्ट'. कॉन्स्टँटिनोपलमध्ये कारखान्याचं अक्षर शेवटी लागतं आणि ते ग्रीक अंक म्हणून वाचायचं: 'कॉन्स-अल्फा', 'कॉन्स-बीटा', 'कॉन्स-गामा'. तुमच्या नाण्यावर सीच्या डावीकडे अक्षर आहे, उजवीकडे 'टी'वर मजकूर संपतो. म्हणजे आर्लच.

सातवाहनी
गद्धेगाळांना अनुमोदन, आणि एक भर. दोन ध्वजांमधलं ते कडं म्हणजे पुष्पचक्र आहे. आर्लच्या दोन-ध्वजी शिपायांच्या नाण्यांवर मधल्या फटीतली खूण ठरावीक काळानं बदलायची, कधी पुष्पचक्र, कधी झाडाची फांदी. कुठल्या सालची बॅच ते त्यावरून लागतं. दोन ध्वजांचा प्रकार मुळात ३३० ते ३३५ चा. त्यानंतर नाणं हलकं झालं आणि ध्वज एकच उरला. तुमचं वजन २.३ ग्रॅम, तेही जुळतंय.

पण गद्धेगाळ, तुमच्या पोस्टीत एक खाच राहिलीये. 'एस' दिसला की नवखा माणूस 'दुसरा कारखाना' म्हणून मोकळा होतो. पश्चिमेकडे ते खरं. त्रिअरचं 'टी-आर-एस' म्हणजे त्रिअर, दुसरा कारखाना. पूर्वेकडे ग्रीक अंकांमध्ये सहासाठी जे चिन्ह होतं, ते नाण्यावर थेट एससारखं दिसतं. म्हणजे 'कॉन्स-एस' वाचलंत तर तो कॉन्स्टँटिनोपलचा सहावा कारखाना. अक्षर तेच, पण एकीकडे दोन आणि दुसरीकडे सहा.

कोकणमेवा
वाखु (वाचनखूण) साठवली. गामा, डेल्टा वगैरे नाण्यावर कसे दिसतात तेही सांगा की कुणीतरी. माझ्याकडे एक आहे त्यावर मला उलटा 'एल' दिसतो.

सातवाहनी
उलटा एल म्हणजे गामा, तिसरा कारखाना. डेल्टा सरळ त्रिकोण असतो, पण ठसा झिजला की ए वाटतो. अशा वेळी ए-ला मधे आडवी रेघ आहे की त्रिकोणाच्या तळाला आहे, एवढंच बघायचं. एप्सिलॉन बऱ्याचदा गोलाकार काढलेला असतो, सीच्या पोटात रेघ मारल्यासारखा. एटा आपल्या इंग्रजी एचसारखा, तो आठ. थीटा म्हणजे गोलात ठिपका किंवा रेघ, तो नऊ.

थीटाची एक गंमत आहे. ग्रीकमध्ये मृत्यूला 'थॅनाटोस' म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर थीटा. मॅक्सिमिनस दाइयाच्या काळात अँटिओकच्या टांकसाळीत नववा कारखाना थीटाऐवजी डेल्टा-एप्सिलॉन असा लिहिलाय, चार अधिक पाच. अशुभ अक्षर टाळायला असं केलं असावं, असं अभ्यासकांचं म्हणणं. नंतरच्या राजांच्या वेळी मात्र थीटा बिनदिक्कत वापरलेला सापडतो.

बिनभिंतीचं_घर
चांगला चाललाय धागा. माझ्याकडचा एक नमुना टाकतो. १५ मिमीचं छोटं नाणं, काट्याला पुष्पचक्र आणि त्यात चार ओळींत 'वोट डबलएक्स मल्ट ट्रिपलएक्स'. खाली एस-एम-ए-एन-ए-आय. 'एस-एम-ए-एन' म्हणजे अँटिओक एवढं जमलं. शेवटचं 'ए-आय' काय? कुणी म्हणतं ठसा दोनदा पडलाय.

गद्धेगाळ
दोनदा वगैरे काही पडलेला नाही. 'एस-एम' म्हणजे साक्रा मोनेटा, राजाची पवित्र टांकसाळ, हा नुसता मानाचा उल्लेख. 'ए-एन' म्हणजे अँटिओक. 'ए-आय' म्हणजे अल्फा आणि आयोटा, एक अधिक दहा, अकरावा कारखाना. कॉन्स्टॅन्शियस दुसरा याच्या काळात अँटिओकमध्ये पंधरा कारखाने चालू होते. पर्शियाच्या आघाडीवरच्या फौजेचे पगार तिथूनच निघायचे, तेव्हा नवल नाही.

गंमत म्हणजे कॉन्स्टँटिनोपललाही अकरावा कारखाना होता, पण तिथं तो 'आय-ए' असा लिहायचे, आधी दहा मग एक. 'कॉन्स-आय-ए' असलेलं नाणं घासलेलं असलं की आयच्या डोक्यावर रेघ असल्याचा भास होतो आणि माणूस 'कॉन्स्टा' वाचतो. आर्लची आणि कॉन्स्टँटिनोपलची गल्लत होण्याची ही दुसरी जागा. रानवारांच्या विक्रेत्याचं नक्की काय झालं ते तोच जाणे.

कोकणमेवा
बरं, आता माझा प्रश्न. नात्यातल्या एका काकूंकडे सोन्याचं एक गोल पेंडंट आहे. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला पंखवाली बाई, खाली सी-ओ-एन-ओ-बी. हे तरी कॉन्स्टँटिनोपलचं म्हणायचं ना?

सातवाहनी
तिथंच तर लोक फसतात! 'कॉनोब' ही खूण सुरू झाली व्हॅलेन्टिनियन पहिला याच्या वेळी, ३६८ च्या आसपास, सोन्याचा कस सुधारल्यावर. पुढचं 'कॉन' राजधानीचं, मागचं 'ओबी' म्हणजे ओब्रिझम, तावून सुलाखून काढलेलं शुद्ध सोनं. ग्रीक अंक म्हणून तेच ओबी वाचलं तर ७२ होतात, आणि एका रोमन पौंडातून सॉलिडस नावाची सोन्याची नाणी पडायची बरोबर ७२. एक सॉलिडस साधारण साडेचार ग्रॅमचा.

पुढे मात्र हे 'कॉनोब' जवळपास सगळीकडच्या सोन्यावर यायला लागलं, शुद्धतेचा शिक्का म्हणून. पश्चिमेत तर 'कॉमोब' असंही लिहिलेलं असतं. अशा वेळी खालची पट्टी सोडून द्या आणि चित्राच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत बघा. आर-व्ही असेल तर रावेना, एम-डी असेल तर मिलान. ती अक्षरं खरी टांकसाळ सांगतात.

काकूंच्या पेंडंटचं वजन करा. आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी किंवा निरर्थक असतील तरी निराश होऊ नका. दक्षिण भारतात रोमन सोन्याच्या नकला जुन्या काळापासून पडत होत्या आणि त्यांच्यावरचे लेख असेच गिचमिड असतात. कडेजवळ भोक पाडून गळ्यात घातलेली नाणीही आपल्याकडे भरपूर सापडतात. अर्थात गेल्या काही वर्षांत कुठल्याशा दुकानात ओतलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कडेला जोडाची बारीक शिवण दिसते का, ते भिंगातून बघा.

चिंचगुळ
आता मलाही चस्का लागायला लागलाय. आपल्याकडे जमिनीत रोमन नाणी सापडतात म्हणे. त्यांच्यावर असतात का या खुणा?

गद्धेगाळ
भारतात सापडणारी चांदीची रोमन नाणी बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियसची, दक्षिणेत तर ढिगानं. त्यांच्यावर एकही खूण नाही. ही बहुतेक लुग्दुनमची, म्हणजे आजच्या लिऑनची. तिथं सोन्याचांदीची नाणी पडतात असं स्ट्रेबोनं लिहून ठेवलंय, बाकीचं काम शैली आणि ठशांच्या तुलनेवर चालतं.

खुणा यायला लागल्या त्या तिसऱ्या शतकाच्या मध्यावर. रोमला हजार वर्षं झाली म्हणून फिलिप द अरबनं २४८ मध्ये मोठा सोहळा केला आणि नाण्यांवर जनावरं आणली. त्यात कारखान्याचे आकडे आहेत: सिंहाखाली १, लांडगीखाली २, पाणघोड्याखाली ४. तो चारही चार उभ्या रेघांचा बरं का, आपल्या घड्याळासारखा. ऑरेलियननं २७४ मध्ये सुधारणा केल्यावर एक्स-एक्स-आय असं यायला लागलं. त्याला एकविसावा कारखाना समजू नका. वीस भाग तांबं, एक भाग चांदी, असं मिश्रणाचं प्रमाण आहे ते. ग्रीक लिहिणाऱ्या टांकसाळींत त्याचंच 'के-ए' होतं. पद्धतशीर खुणा मात्र डायोक्लेशियनच्या २९४ च्या सुमाराच्या सुधारणेनंतरच.

चौथ्या-पाचव्या शतकातली बारकी तांब्याची नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत खूप मिळतात. ती इतकी हाताळलेली असतात की खालची पट्टी बहुधा सपाटच. शिवाय तिथंच पाडलेल्या नकला त्यात मिसळलेल्या.

हिशेबनीस
मधेच एक कामाचं. शेतात, घराच्या पायात, विहिरीत असं काही मिळालं तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. काकूंचं पेंडंट अस्सल निघालं तर तेही यात आलं. कोकणमेवा, परदेशातल्या भाचीला 'भेट' म्हणून द्यायचा विचार असेल तर आधी हे बघा. चालू द्या.

बिनभिंतीचं_घर
गद्धेगाळ साहेब, कुठल्याच गावाशी जुळत नाहीत अशा खुणा असतात का हो? एका लिलावाच्या यादीत 'आर-एस-आर' बघितलं होतं.

गद्धेगाळ
वाट बघत होतो कुणी हे विचारतंय याची!

२८६ मध्ये कारॉशियस नावाच्या आरमारी सेनापतीनं रोमविरुद्ध बंड केलं आणि ब्रिटन बळकावून स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. २९३ पर्यंत टिकला, मग त्याच्याच खजिनदारानं, अलेक्टसनं, त्याचा काटा काढला. लंडनची टांकसाळ या पठ्ठ्यानं सुरू केली. त्याची चांदी त्या काळातल्या रोमच्या चांदीपेक्षा चोख, आणि तिच्यातल्या बऱ्याच नाण्यांवर खाली आर-एस-आर. लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. 'रॅशनॅलिस सुमे रेई', म्हणजे खजिनदाराचं पद, असा अर्थ लावला आणि तो अलेक्टसला चिकटवला. ब्रिटिश म्युझियममध्ये कारॉशियसचं एक पदक आहे, त्यावर तर आय-एन-पी-सी-डी-ए. ते तर कुणालाच उलगडेना.

१९९० च्या दशकात गाय द ला बेदोयेर या इतिहासकाराच्या लक्षात आलं की ही दोन्ही रोमन कवी व्हर्जिलच्या चौथ्या एक्लॉगमधल्या, म्हणजे गोपकाव्यातल्या, सलग ओळींची आद्याक्षरं आहेत. 'रेडेउंट सॅटर्निया रेग्ना', सॅटर्नचं राज्य परत येतंय. आणि लगेच पुढची ओळ, 'याम नोवा प्रोजेनिएस चेलो डेमिटिटुर आल्टो', आता उंच स्वर्गातून नवी पिढी खाली पाठवली जातेय. आपल्याकडे बंडखोरानं 'रामराज्य येतंय' असं टाकावं तसं. म्हणजे टांकसाळीच्या खुणेच्या जागी चक्क जाहीरनामा! त्याच्या दुसऱ्या नाण्यांवर 'एक्स्पेक्टाते वेनी' आहे, 'ये, तुझीच वाट बघतोय', तेही व्हर्जिलवरूनच. तेव्हा हा धागा जुळवणं वाटतं तितकं ओढूनताणून नाही.

असे शब्दखेळ रोमच्या अधिकृत टांकसाळींतही झालेत. प्रोबसच्या काळात तिचिनुमला, म्हणजे आजच्या पावियाला, सहा कारखान्यांनी प्रत्येकी एक अक्षर घेतलं. सहा नाणी ओळीनं मांडली की ई-क्यू-व्ही-आय-टी-आय. सिसियाला, आजच्या क्रोएशियातल्या सिसाकला, डायोक्लेशियनच्या तीन नाण्यांवर मिळून 'आयोबी' आणि मॅक्सिमियनच्या तिघांवर मिळून 'हेर्कुली'. एक जुपिटरचा, दुसरा हर्क्युलिसचा. एकटं नाणं हातात असेल तर त्यावरचं 'बी-आय' बघून माणूस वेडा होईल.

हिशेबनीस
एका वेळी सहा नाणी विकत घ्यायला लावायचा चांगला धंदा होता म्हणायचा.

रानवारा
सगळ्यांचे आभार. खोली अंधारी करून टॉर्च नाण्याच्या पातळीला आडवा धरला आणि पुन्हा फोटो काढले. सीच्या डावीकडचा तुकडा आता उठून दिसतोय: खाली डावीकडे वळलेला बाक आणि त्याचं टोक किंचित वर आलेलं. उभा दांडा दिसत नाही. वर चढवलेत फोटो.

अजून एक. याच डब्यातल्या दुसऱ्यावर घोड्यावरून कोसळणारा स्वार आणि त्याला भोसकणारा शिपाई आहे, खाली एस-एम-के आणि पुढे बहुतेक अल्फा. के म्हणजे कार्थेज का?

सातवाहनी
उभा दांडा नाही, तळाला बाक आहे, म्हणजे पी बाद. एस-कॉन्स्ट, आर्ल, दुसरा कारखाना, धाकटा कॉन्स्टँटिन युवराज असतानाचं. आरआयसी या रोमन नाण्यांच्या सूचीग्रंथाच्या सातव्या खंडात आर्लच्या भागात पुष्पचक्राची मालिका बघा, क्रमांक मिळेल. ओसीआरई या ऑनलाइन सूचीवर टांकसाळ आणि मागचा लेख निवडून शोधलंत तर आणखी सोपं.

दुसऱ्यासाठी: कार्थेज नाही. कोसळणारा स्वार ३४८ नंतरचा, आणि कार्थेजची टांकसाळ त्याच्या कितीतरी आधी बंद पडली होती. हा के सिझिकसचा, मार्माराच्या किनाऱ्यावरचं गाव. अक्षर कुठलंही असो, आधी चित्र कुठल्या काळातलं ते ठरवा. त्या वेळी कुठल्या टांकसाळी चालू होत्या ते कळलं की अर्धे पर्याय आपोआप गळतात. टी-चंही असंच: पी-टी, एस-टी म्हणजे तिचिनुम, टी-एस म्हणजे थेस्सालोनिका, टी-आर म्हणजे त्रिअर. तिचिनुम ३२६ मध्येच बंद झालं, त्यामुळे नंतरच्या चित्राखाली एस-टी दिसलं तर पुन्हा भिंग घ्या.

बिनभिंतीचं_घर
आणि स्वाराच्या नाण्याची अक्षरं नीट बघा. स्वार वेडावाकडा, अक्षरं काड्या ओढल्यासारखी असतील तर ती त्या काळातली स्थानिक नक्कल असू शकते. गॉल आणि ब्रिटनमध्ये या प्रकाराच्या नकला उदंड झाल्या. त्यांच्यावरची टांकसाळ वाचायच्या भानगडीत पडू नये, पाडणाऱ्यालाही ती वाचता येत नसे.

कोकणमेवा
रानवारा, साफ कशानं करता? आमच्याकडे तांबं म्हटलं की चिंच नाहीतर पितांबरी.

गद्धेगाळ
अहो नको! चिंच, लिंबू, व्हिनेगर, काही म्हणजे काही नको. वरचा हिरवा-काळा थर गेला की अक्षरंही त्याच्याबरोबर जातात, कारण तेवढा बारीक उठाव त्या थरातच उरलेला असतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मऊ ब्रश आणि बाभळीचा काटा. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली असेल तर मात्र ते नाणं बाकीच्यांपासून आधी वेगळं काढा.

रानवारा
भुकटी एकावर आहे, वेगळं काढलं. स्वाराची अक्षरं ठसठशीत आहेत, नक्कल वाटत नाही. आणि शेवटचं अक्षर टॉर्चखाली बघितलं: मधे आडवी रेघ नाही, तळाला आहे.

सातवाहनी
मग डेल्टा. सिझिकस, चौथा कारखाना. पुढचं नाणं टाका.